'ओन्ली' आणि आपला 'च'

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं निबंध लिहावयाचा म्हटला, म्हणजे विषय मोठा असावा अशी सर्वांची समजूत असते. स्वदेशप्रीति, उद्योगाचें महत्त्व, वेळेचा सदुपयोग हे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत, आणि ते चांगलेहि आहेत. आज मात्र आम्ही एका अगदीं लहान शब्दाविषयीं लिहिणार आहों. तो शब्द इंग्रजी असून त्याच्या स्वतःच्या लिपींत त्याचीं अक्षरें अवघीं चार आहेत. 'ओन्ली' हा तो शब्द. पुण्यांतील कोणत्याहि शाळेच्या आवारांत मधल्या सुटींत थोडा वेळ उभें राहिलें, तर तो कानीं पडल्यावांचून राहणार नाहीं. 'आय ॲम हिअर ओन्ली', 'टुडे ओन्ली ही केम', 'शी इज लाइक दॅट ओन्ली' अशीं वाक्यें मुलांच्या तोंडून सहज निघतात. ऐकणारा जाणता असला तर तो हंसतो, आणि बोलणारा मुलगा खालीं मान घालतो. पुढच्या वेळीं तो इंग्रजींत बोलण्याचेंच टाळतो.

आमचें म्हणणें असें आहे कीं, हें हंसणें अन्यायाचें आहे, आणि हंसून विषय सोडून देणें हें त्याहून नुकसानीचें आहे. या वाक्यांत चूक किती व मातृभाषेचें शहाणपण किती, हें कोणी नीट पाहत नाहीं. तें पाहिलें तर इंग्रजीहि सुधारेल आणि मराठीविषयींचा आदरहि वाढेल. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईवडिलांनीं हा विचार थोडा धीर धरून ऐकावा, एवढी विनंति करून विषयास आरंभ करतों.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. जुन्या इंग्रजींत 'आन' म्हणजे एक, व 'लिक' म्हणजे सारखा. या दोहोंपासून 'आन्लिक' असा शब्द झाला, आणि त्याचेंच आजचें रूप 'ओन्ली'. तेव्हां एकपणा हा त्याचा मूळचा अर्थ होय. 'वन' या शब्दाचा उच्चार 'व'कारानें होतो, मग 'ओन्ली'चा कां होत नाहीं, असें पुष्कळ मुलें विचारतात. त्याचें कारण असें कीं, 'एक' या अर्थाच्या मूळ शब्दाचा उच्चार कालांतरानें बदलला, परंतु त्याच घराण्यांतील 'ओन्ली' व 'अलोन' हे शब्द जुन्या उच्चारास धरून राहिले. 'अलोन' म्हणजे 'ऑल' आणि 'वन', सर्वथा एक, अर्थात् एकटा. आपल्याकडे 'एक' या शब्दापासून 'एकटा', 'एकुलता', 'एकमेव' हे शब्द झाले. तिकडेहि तसाच प्रकार घडला. 'ॲन ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतें एक मूल. या ठिकाणीं हा शब्द विशेषण आहे, हें लक्षांत ठेवावें.

क्रियाविशेषण म्हणून त्याचा मुख्य अर्थ 'फक्त' किंवा 'केवळ' असा आहे. परंतु इतक्यावर थांबणारा विद्यार्थी पुढें फसतो. 'इफ ओन्ली आय हॅड नोन' याचें मराठी 'जर फक्त मला ठाऊक असतें' असें करणें म्हणजे शब्द घेऊन अर्थ टाकणें होय. तेथें 'मला ठाऊक असतें तर किती बरें झालें असतें!' अशी हळहळ आहे. 'आय शॅल बी ओन्ली टू ग्लॅड' याचा अर्थ 'मला फारच आनंद होईल' असा आहे. तेथें मर्यादा नसून उलट आधिक्य आहे. 'ही हॅज ओन्ली जस्ट कम' म्हणजे 'तो नुकताच आला आहे'. 'नॉट ओन्ली' असा आरंभ झाला, तर मराठींत 'इतकेंच नव्हे, तर' असें म्हणावें. 'ही रॅन टू द स्टेशन ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन' या वाक्यांत 'फक्त'ला जागाच नाहीं. 'तो धांवत स्टेशनावर गेला, तों गाडी सुटून गेलेली' असें आपण म्हणूं. या शेवटच्या 'तों'मधील निराशा ज्याला कळली, त्याला इंग्रजी वाक्यहि कळलें.

आणखी एक प्रयोग मोठा मौजेचा आहे. 'आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो टाइम' या वाक्यांत 'ओन्ली' हें उभयान्वयी अव्यय असून त्याचा अर्थ 'पण' किंवा 'मात्र' असा होतो. आतां आपला 'मात्र' पाहा. 'क्षणमात्र थांबा' म्हणतांना तो मर्यादा दाखवितो, आणि 'मी आलों असतों, मला वेळ मात्र नाहीं' म्हणतांना तो विरोध दाखवितो. दोन दूरच्या भाषांतील दोन शब्द एकाच वाटेनें चालले, यांत आश्चर्य नाहीं. एखाद्या गोष्टीस मर्यादा घातली, कीं त्या मर्यादेपाशींच विरोध उभा राहतो. 'सर्व ठीक आहे, फक्त एवढें सोडून' असें म्हणतां म्हणतां 'फक्त'चा 'पण' होतो.

अर्थ कळले तरी अर्धें काम राहतें, कारण या शब्दाचें सगळें सामर्थ्य त्याच्या जागेंत आहे. एक साधें वाक्य घ्या. 'सीतेनें काल आईला दोन पत्रें लिहिलीं.' आतां आपला 'च' हातीं घेऊन तो एकेका शब्दास लावून पाहा. 'सीतेनेंच' म्हटलें, म्हणजे इतर भावंडांनीं लिहिलीं नाहींत. 'कालच' म्हटलें, म्हणजे पत्रें लिहून फार दिवस झाले नाहींत. 'आईलाच' म्हटलें, म्हणजे वडिलांना किंवा मावशीला नाहीं. 'दोनच' म्हटलें, म्हणजे तीन नाहींत. 'पत्रेंच' म्हटलें, म्हणजे निबंध किंवा कविता नव्हे. ज्या शब्दाला मर्यादा घालावयाची त्याच्याच पाठीला 'च' चिकटतो, त्यामुळें ऐकणाराच्या मनांत संशय राहत नाहीं. आमच्या घरांतील चार वर्षांचें मूलहि 'मला दोनच लाडू दिले' अशी तक्रार करतांना 'च' चुकून 'मला'च्या मागें लावीत नाहीं.

इंग्रजींत असें नाहीं. 'ओन्ली' हा सुटा शब्द आहे व तो वाक्यांत हिंडतो. 'ओन्ली सीता रोट टू लेटर्स' म्हटलें तर अर्थ उघड आहे. 'सीता रोट ओन्ली टू लेटर्स' म्हटलें तरी तो उघड आहे. परंतु इंग्रज मनुष्य बोलण्याच्या ओघांत बहुधा 'सीता ओन्ली रोट टू लेटर्स' असें म्हणतो, आणि आवाजाचा जोर 'टू'वर देऊन आपला भाव स्पष्ट करतो. कागदावर आवाज उमटत नाहीं. मग त्या वाक्याचा अर्थ 'दोनच पत्रें लिहिलीं' असा घ्यावा, कीं 'पत्रें नुसतीं लिहिलीं, टपालांत टाकलीं नाहींत' असा घ्यावा, हा प्रश्न उरतो. इंग्रजांच्या देशांतहि यावर बराच वाद झाला आहे. १७६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणांत रॉबर्ट लोथ यांनीं असा शब्द ज्याच्याशीं संबद्ध असेल त्याच्याजवळ ठेवावा, असें सुचविलें. उलटपक्षीं १९२६ सालीं निघालेल्या आपल्या सुप्रसिद्ध प्रयोगकोशांत फाउलर यांनीं, जेथें अर्थाचा घोटाळा होत नाहीं तेथें बोलण्याच्या सहज रीतीला दोष देणें ही निव्वळ पंडिती होय, असा पक्ष घेतला. आमच्या मतें बोलतांना फाउलर यांचें ऐकावें, आणि लिहितांना, विशेषतः परीक्षेच्या किंवा कामकाजाच्या कागदावर, लोथ यांचें ऐकावें. आणि लोथ यांचा नियम मराठी मुलाला नव्यानें शिकावा लागत नाहीं. तो त्याच्या 'च'मध्यें आधींच आहे. 'आपण मराठींत "च" कोणत्या शब्दाला लावला असता?' एवढा प्रश्न मनाशीं विचारावा, आणि 'ओन्ली' त्या शब्दाच्या शेजारीं नेऊन ठेवावा.

मग आमचीं मुलें चुकतात कोठें? तें समजण्यास 'च'चा स्वभाव पाहिला पाहिजे. हा 'च' संस्कृतांतील 'आणि' या अर्थाचा 'च' नव्हे. महाराष्ट्री प्राकृतांत 'चेअ', 'चिअ' व 'च्च' असे निश्चय दाखविणारे शब्द होते. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत त्यांची नोंद केली आहे. आपला 'च' त्यांच्याच वंशांतला. संस्कृतांत हें काम 'एव' करतो. या 'एव'चा विचार आपल्याकडील तर्कपंडितांनीं इतका बारकाईनें केला आहे, कीं सातव्या शतकांतील बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें त्याचीं तीन कार्यें वेगळीं करून दाखविलीं. मराठींतील साध्या उदाहरणांनीं तीं अशीं सांगतां येतील. 'गोविंदच हुशार आहे' म्हटलें म्हणजे इतरांना वगळलें. 'गोविंद हुशारच आहे' म्हटलें म्हणजे इतरांविषयीं कांहीं न बोलतां गोविंदाच्या हुशारीविषयींचा संशय काढून टाकला. 'पावसाळ्यांतहि ऊन पडतेंच' म्हटलें म्हणजे तें मुळींच पडत नाहीं हा समज खोडून काढला. पहिल्या वाक्यांतील 'च' कुंपण घालतो, आणि पुढच्या दोहोंतील 'च' खुंटी हलवून ती बळकट करतो.

इंग्रजी 'ओन्ली'ला यांपैकीं पहिलें काम येतें, दुसरीं दोन येत नाहींत. येथेंच सगळी मेख आहे. पुण्याचा मुलगा 'मी इथेंच आहें' हें वाक्य मनांत धरतो, 'च'साठीं ठाऊक असलेला शब्द काढतो, आणि 'च' जसा मागून येतो तसा 'ओन्ली'हि मागून लावतो: 'आय ॲम हिअर ओन्ली'. यांत आळस नाहीं कीं मूर्खपणा नाहीं. उलट एका भाषेचा नियम त्यानें दुसरींत प्रामाणिकपणें पाळला आहे. हिंदी बोलणाराहि आपल्या 'ही'मुळें असेंच बोलतो. म्हणून हा प्रयोग भारतांत दूरवर ऐकूं येतो. डेक्कन कॉलेजांत पुष्कळ वर्षें भाषाशास्त्राचें अध्यापन केलेले डॉ. अशोक केळकर यांनीं १९५७ सालीं अमेरिकेंतील 'वर्ड' या नियतकालिकांत 'मराठी इंग्लिश' या विषयावर एक लेख लिहिला. त्यांचा विषय उच्चारांचा होता. परंतु मराठी माणसाचें इंग्रजी हें शास्त्रीय अभ्यासाला योग्य आहे, आणि त्याच्या लकबींना मातृभाषेंत कारणें असतात, ही दृष्टि त्यांत आहे. वर्गांतील मुलांकडे आपण याच दृष्टीनें पाहावें.

याचा अर्थ, जें चाललें आहे तें तसेंच चालूं द्यावें, असा कोणी करूं नये. ज्या परीक्षकाला किंवा ज्या परदेशस्थ वाचकाला मराठी येत नाहीं, त्याला 'हिअर ओन्ली' वाचून 'येथें फक्त, म्हणजे इतर ठिकाणीं नाहीं' असें वाटेल, आणि लिहिणाराचा भाव त्याच्यापर्यंत पोंचणार नाहीं. म्हणून 'च' कोठें कुंपणाचा आहे व कोठें खुंटीचा आहे, हें आधीं ओळखावें. 'बाकीचे नाहींत' हें सांगण्याचा हेतु असेल तर 'ओन्ली' खुशाल योजावा. नसेल तर इंग्रजीनें त्या कामासाठीं दुसरे उपाय ठेविले आहेत. 'मी इथेंच आहें' याला 'आय ॲम राइट हिअर' म्हणावें. 'हेंच पुस्तक' याला 'धिस व्हेरी बुक'. 'त्यानेंच मला सांगितलें' याला 'इट वॉज ही हू टोल्ड मी'. 'तो येणारच' याला 'ही इज शुअर टू कम'. 'ती आहेच तशी' याला 'दॅट इज जस्ट हाउ शी इज'. आणि 'तो आतांच आला' याला 'ही हॅज जस्ट कम'. आपला एक 'च' जें काम करतो, त्यासाठीं त्या भाषेला कधीं एक शब्द, कधीं वाक्याची फिरवाफिरव, तर कधीं नुसता आवाजाचा जोर लागतो. हें ज्या मुलाला कळलें, त्याला चुकीबद्दल लाज वाटण्याऐवजीं दोन्ही भाषांविषयीं कुतूहल वाटेल.

येथें आम्हांस पालकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. मुलाचें इंग्रजी बिघडूं नये म्हणून घरांतील मराठी बंद करण्याची रीति अलीकडे पुष्कळ घरांत दिसते. आईवडील हें मोठ्या आस्थेनें करतात, परंतु त्यांचा समज चुकीचा आहे. ज्या मुलाचा 'च' पक्का, त्याच्या 'ओन्ली'ला जागा दाखविणें हें एका तासाचें काम आहे. ज्याला दोहोंपैकीं एकहि भाषा घरीं भरपूर ऐकावयास मिळाली नाहीं, त्याला कोणत्या आधारावर शिकवावें? आपल्या शहराचाच इतिहास पाहा. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. आजचें डेक्कन कॉलेज तिच्याच परंपरेंतलें. त्या पाठशाळेशीं दीर्घकाळ संबंध असलेले मेजर थॉमस कँडी यांनीं, मोल्सवर्थ यांनीं हातीं घेतलेला इंग्रजी-मराठी कोश पुरा केला व तो १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दाच्या छटा मराठींत तोलून पाहण्याचें हें काम किती कष्टाचें होतें, तें कोशाचीं पानें चाळणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांनीं १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, तेव्हां त्यांचें इंग्रजी उत्तम होतें, आणि मराठी गद्याला त्यांनीं दिलेलें वळणहि सर्वांस ठाऊक आहे. पुढें १८८८ सालीं आगरकरांनीं मराठी वाक्याच्या पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. एक भाषा नीट येण्यासाठीं दुसरी विसरावी लागते, असें या शहरांतील कोणत्याहि थोर शिक्षकानें शिकविलेलें नाहीं.

एवढ्याशा शब्दाची इतकी चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यानें व्यवहारांत डोकावून पाहावें. धनादेशावर रक्कम अक्षरीं लिहून तिच्यापुढें 'ओन्ली' किंवा 'फक्त' लिहितात, तें शोभेसाठीं नव्हे; पुढें कोणी आणखी शब्द घुसडूं नये म्हणून तें दार लावणें आहे. आपल्या जुन्या हुंड्यांतहि रकमेचा निम्मा सांगून त्याची दुप्पट नोंदविण्याची पद्धति होती. हेतु तोच. एका शब्दानें पैशाचें रक्षण होतें.

आणि एका शब्दानें माणसें बाहेरहि ठेवतां येतात. दक्षिण आफ्रिकेंत बांकांवर, दारांवर व समुद्रकिनाऱ्यांवर 'फक्त गोऱ्यांसाठीं' अशा पाट्या होत्या. १९५३ सालीं तेथें त्यासाठीं खास कायदाच करण्यांत आला, आणि तो १९९० सालीं रद्द झाला. आपण त्या पाट्यांना नांवें ठेवतों तें योग्यच आहे. परंतु आपल्याकडे पाटी न लावतांहि तो शब्द पाळला जात असे. पुण्यांत अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाण्यावर जातां येत नव्हतें, त्या काळीं, १८६८ सालीं, जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांना खुला केला. न लिहिलेल्या 'फक्त आमच्यासाठीं'ला तें उत्तर होतें. 'ओन्ली' उच्चारतांना आपण कोणास बाहेर ठेवीत आहों, हें पाहण्याची संवय लहानपणींच लागली पाहिजे.

आतां कायद्याकडे वळूं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिनें सिद्ध केलेली भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारण्यांत आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून राज्यानें नागरिकांत भेदभाव करूं नये असें सांगितलें आहे. आणि त्या कारणांच्या आधीं इंग्रजी संहितेंत 'ओन्ली' व मराठींत 'केवळ' हा शब्द आहे. या एका शब्दावरून मोठा वाद उत्पन्न झाला. एअर इंडियाच्या सेवेंतील हवाई सुंदरींना पुरुष सेवकांहून वेगळे नियम लागू होते. त्यांना पुष्कळ लवकर निवृत्त व्हावें लागे. नर्गेश मिर्झा यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या १९८१ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा अर्थ लावला, कीं भेद 'केवळ' लिंगावरून केलेला असेल तरच हा अनुच्छेद आड येतो. लिंगाबरोबर दुसरींहि कारणें असलीं तर तो येत नाहीं. पहिल्या गरोदरपणीं नोकरी संपविण्याचा नियम न्यायालयानें रद्द केला, परंतु इतर कांहीं नियम टिकले. पुढें २०१८ सालच्या एका महत्त्वाच्या निकालांत न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं 'केवळ'च्या या अर्थावर कडक टीका केली. स्त्रीविषयींच्या रूढ समजुतीवर उभारलेला भेद हा लिंगभेदच होय, त्याला दुसरें कारण जोडून तो वेगळा होत नाहीं, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य. ज्या शब्दावर हंसून आपण पुढें जातों, त्याच्या अर्थावर स्त्रियांच्या नोकऱ्या अवलंबून होत्या.

न्यायालयाचा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्यास येत नाहीं. घरचा प्रसंग येतो. या शब्दाचा एक अर्थ आम्हीं मुद्दाम शेवटासाठीं राखून ठेविला आहे. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांत 'फक्त नऊशें नव्व्याण्णव रुपये' अशी पाटी असते. तेथील 'फक्त' कोणास वगळीत नाहीं. तो एवढेंच सुचवितो कीं ही रक्कम थोडी आहे. वस्तुतः रक्कम तीच असते. थोडी कीं फार हें दुकानदाराचें मत असतें, आणि तें त्यानें आपल्या पाकिटाजवळ उभें केलेलें असतें. शहाणें गिऱ्हाईक 'फक्त' सोडून आंकडा वाचतें.

आतां निकालाचा दिवस आठवा. मुलानें प्रगतिपुस्तक हातांत दिलें. गणितांत ऐंशी गुण आहेत. वडील म्हणतात, 'ऐंशी.' हें वृत्त झालें. वडील म्हणतात, 'ऐंशीच?' किंवा, हल्लीं पुष्कळ घरांत म्हणतात तसें, 'ओन्ली एटी?' हा निवाडा झाला. आंकडा शाळेनें दिला, 'च' घरानें दिला. ऐंशी गुण मिळविण्यासाठीं मुलानें केलेला अभ्यास, गेल्या वेळचे साठ, मध्यें आलेलें आजारपण, हें सर्व त्या एका अक्षरानें कुंपणाबाहेर गेलें. आम्ही असें म्हणत नाहीं कीं पालकांनीं कधीं असंतोष दाखवूंच नये. ज्या मुलानें वर्षभर पुस्तक उघडलें नाहीं, त्याला 'तीसच कां?' असें विचारणें हें कर्तव्य आहे. परंतु 'च' लावण्यापूर्वीं तो खरोखर तेथें लागतो काय, हें पाहावें. वाक्याच्या बाबतींत जो नियम सांगितला तोच येथें आहे: ज्या शब्दाला मर्यादा घालणें योग्य असेल त्याच्याच शेजारीं तो ठेवावा. पुष्कळदां असें आढळेल कीं 'ऐंशीच' म्हणण्याऐवजीं 'आठच दिवस आजारी होतास, तरी ऐंशी' असें म्हणतां आलें असतें.

विद्यार्थ्यांसहि हेंच सांगणें आहे. स्वतःविषयीं बोलतांना 'आय ॲम ओन्ली अ मराठी मीडियम स्टुडंट' असें म्हणण्याची खोड पुष्कळांना लागते. त्या वाक्यांत व्याकरणाची चूक एकहि नाहीं. 'ओन्ली' अगदीं योग्य जागीं आहे. तरी आमच्या मतें या लेखांतील सर्व वाक्यांत तेंच अधिक चुकीचें आहे. 'हिअर ओन्ली' म्हणणारा मुलगा इंग्रजी रीतीला चुकतो, परंतु खरें बोलतो. हें दुसरें वाक्य रीतीला धरून खोटें बोलतें. तेव्हां पहिलें वाक्य परीक्षेपूर्वीं सुधारून घ्यावें, आणि दुसऱ्यांतून तो शब्द आजच काढून टाकावा.